सूर्याच्या काचा

बहात्तर सालचा आषाढ कोरडा गेला आणि पारनेरची माणसं मान वर करकरून थकली. ढगाचा ठिपका दिसेना. बायका आभाळाला बोल लावत, म्हातारे देवाला. सगळ्या गावात त्या निरभ्र आभाळावर खूश असलेला माणूस एकच, तो म्हणजे सहादेव फोटोवाला. हे त्याने तोंडातून काढलं असतं तर लोकांनी त्याला वेशीबाहेर घालवलं असतं, आणि कुणाला त्याची कीवही आली नसती.

सहादेवला सूर्याचं वेड होतं. नगरच्या लष्करी भंगारातून त्याने एक जुनी दुर्बीण पैदा केली होती. घराच्या सपाट माळवदावर ती तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवून, पुढे काळी काच लावून, मागे त्याने आपला पेटीकॅमेरा जोडला होता. सकाळी ऊन स्वच्छ झालं की हा वर, आणि कॅमेऱ्यातल्या काचेवर सूर्य. त्या काचेवर सगळं उलटं उमटायचं. उजेड काळा दिसायचा आणि काळा डाग पारदर्शक.

खाली बाजारपेठेत त्याचा श्री कानिफनाथ फोटो स्टुडिओ होता, पण तिथे त्याचा जीव रमत नसे. ताठ बसलेले नवरदेव, हार घालून खुर्चीला टेकवलेले मयत म्हातारे, कारखान्याच्या ओळखपत्रासाठी डोळे वटारणारे गडी, या तोंडांचा त्याला वीट आला होता. ती तोंडं बघण्याचं काम त्याने बायकोवर, मुक्ताबाईवर ढकललं होतं.

मुक्ताबाई मागच्या खोलीत खिडकीपाशी उताराच्या मेजावर काच ठेवून बसायची. डाग दिसेल तिथे टोकदार शिसपेन्सिलीने हलके हलके भरायचं, म्हणजे छापल्यावर तो नाहीसा होतो. कातडी फार चकाकली असेल तर ती जागा पात्याने खरवडून निववायची. तिच्या हाताखालून गेलेली नवरी फोटोत अशी उतरायची की सासूनेही दोनदा बघावं.

हे ती शिकली नवऱ्याकडूनच. लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, त्याचे व्रण तिच्या तोंडभर होते. लग्नानंतर सहादेवने तिचा फोटो काढला, मेजावर काच ठेवली आणि तिच्या देखत एकेक व्रण बुजवला. ती त्याच्या खांद्यामागे उभी राहून बघत होती. तो फोटो अजून दुकानात दर्शनी भिंतीला आहे. गिऱ्हाईक विचारायचं, "ही कोन बाई?" सहादेव ऐटीत सांगायचा, "आमच्या घरातली." तेवढ्यापुरती मुक्ताबाई पडद्यामागून बाहेर यायची नाही.

एकदा तिने एका नवरीच्या हनुवटीवरचा तीळ तसाच ठेवला. पोरीला तो शोभत होता. पोरीच्या चुलत्याने फोटो परत आपटला, आणि सहादेव चारचौघांत बायकोवर ओरडला, "ठिपका दिसला की बुजवायचा! कुनाचा हाय, कशाचा हाय, इचारायचं न्हाई. ह्या दुकानातनं डागाचं तोंड भाईर जानार न्हाई!" त्या दिवसापासून तिने कधी विचारलं नाही.

तर त्या आषाढाच्या शेवटी सूर्याच्या कडेवर एक काळा पुंजका आला आणि रोज थोडा थोडा पुढे सरकू लागला. मधे काळेभोर डाग, भोवती करडी झालर, शेजारी लखलखीत चट्टे. डागांचं एवढं मोठं मोहोळ सहादेवने कधी पाहिलं नव्हतं. बायकोच्या तोंडाकडे धड न बघणारा हा माणूस त्या डागांवर जीव टाकू लागला. तो जेवताना त्यांच्याबद्दल बोले, दाढी करताना बोले.

एके दुपारी पुंजारामच्या चहाच्या दुकानातला रेडिओ खरखरला आणि मुका झाला. पुंजारामने त्याला दोन थपडा लगावल्या.

"मारतो कशाला? सूर्यावर वादळ उठलंय, त्याचं हाय हे," सहादेव म्हणाला. "डाग पडल्यात त्याला."

"शनी सूर्याचंच पोर ना?" पुंजाराम म्हणाला. "मग पोरानं बापाच्या तोंडाला काळं फासलं आसंल! जा शिंगनापूरला, तेल वाह."

लोक पोट धरून हसले. पाण्याला महाग झालेली माणसं, त्यांना तेवढंच फुकट मिळालं. सहादेव तणतणत घरी आला आणि माळवदावर चढला.

"मला बी दावा की," मुक्ताबाई खालून म्हणाली. "काय दिसतंय एवढं?"

"तुला काय कळनार त्यातलं? च्या ठेव."

तिने चहा ठेवला.

डाग पलीकडच्या कडेआड गेले, आणि लगेच नगरचे रंगनाथ सर आले. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे हे सर सहादेवच्या वेडाला मान देणारे एकटेच. ते त्या सुमारास पुण्यात अडकले होते आणि तिथे नेमकं आभाळ भरलेलं. बरसलं नाही, नुसतं सूर्य झाकून बसलं.

"उत्तरेकडच्या थंड देशांत आभाळ हिरवं-तांबडं पेटलं होतं म्हणे, या डागांच्या पायी," सर म्हणाले. "तुमच्याकडे रोजची काच आहे? मग दक्षिणेतल्या एका वेधशाळेत मी शब्द टाकतो. त्यांना फोटोचा माणूस हवाच आहे. मात्र छापत बसू नका, मला मूळ काचा हव्यात. मंगळवारी येऊन नेतो."

सहादेवला आभाळ ठेंगणं झालं. वेधशाळा! नवरदेव नाहीत, मढी नाहीत, रोज सूर्य आणि त्याचा पगार. रात्रभर तो कूस बदलत राहिला.

रविवारी पहाटेच त्याला दोन दिवसांसाठी दुष्काळी कामावर जायचं होतं. मंत्री खडी फोडणाऱ्या बायकांना भेटणार होते, त्याचे फोटो हवे होते. घरभर फुफाटा उडत होता. झाकणाची धड पेटी एकच होती, मुक्ताबाईच्या मेजाजवळची. सहादेवने सगळ्या काचा त्या पेटीत ठेवल्या आणि निघताना सांगितलं, "मंगळवारी सर येत्यात. काचा नेनार हायेत."

त्या पेटीत काच पडली म्हणजे ती मुक्ताबाईने हाताखालून काढायची, हा घरचा रिवाज होता. तो त्यानेच पाडलेला. पण तिथे बसणाऱ्या बाईकडे कधी बघितलं असतं तर त्याला तो आठवला असता.

श्रावणातला पहिला रविवार. मुक्ताबाईने पाटावर गंधाचा गोल काढून आदित्यराणूबाई पुजली, हात धुतले आणि पेटी उघडली. खिडकीच्या उजेडात एकेक गोल तोंड, आणि प्रत्येकावर व्रण. तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. इतकी वर्षं माळवदावर जपलेली वस्तू नवऱ्याने शेवटी तिच्या हाती दिली होती. तिने समुद्रफेसाच्या भुकटीने काच घासून घेतली, म्हणजे पेन्सिल धरते. मग डाग भरले, झालर भरली, चट्टे पात्याने निववले. सोमवारी संध्याकाळपर्यंत तिचे डोळे लाल झाले होते. एवढं नाजूक काम तिने एकाही नवरीचं केलं नव्हतं.

सहादेव त्या रात्री उशिरा धुळीने माखून आला आणि तसाच झोपला.

मंगळवारी सर एस.टी.ने आले. सहादेवने पेटी पुढे ठेवली. सरांनी पहिली काच उजेडात धरली, भिंग लावलं. दुसरी धरली. तिसरी.

"सहादेवराव, डाग कुठायत?"

"आसं काय करता सर, मधेच तर हायेत."

सरांनी काच तिरकी केली. शिशाची चमक दिसली. त्यांनी काच सहादेवच्या हातात दिली. सहादेवने ती बघितली, मग पेटीतल्या बाकीच्या भराभर उजेडात धरल्या. सगळ्या काचांवर सूर्य होता. नितळ, गुळगुळीत, लग्नाच्या नवरीसारखा.

"मुक्ते!"

ती चहाचे कप घेऊन बाहेर आली. चेहरा खुललेला. "सगळ्या झाल्या. लई बारीक काम हुतं."

"टर्पेंटाईननं जाईल, सर! पेन्सिल हाय, धुतो मी, आत्ता धुतो..." सहादेव काचा गोळा करू लागला.

"पेन्सिल जाईल हो," सर म्हणाले. "घासलेलं आणि खरवडलेलं कसं परत येईल? आणि हात लागलेली काच मी कुठल्या तोंडानं पुढे करू? ते म्हणतील, यातलं सूर्याचं किती आणि तुमचं किती." त्यांनी चहा घेतला, कारण ते सभ्य होते. "एवढे डाग पुन्हा यायला दहा-बारा वर्षं जातील. बघू." दुपारच्या गाडीने ते गेले.

सहादेवने कप भिंतीवर फोडला. "कुनी सांगितलं हुतं तुला? जन्माचं वाटोळं केलंस! ते डागच तर पायजे हुते! खरे डाग हुते ते, सूर्याचे!"

मुक्ताबाई फुटलेल्या कपाकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली. "तुमीच सांगितलं हुतं. कुनाचा हाय इचारायचं न्हाई."

"आगं, पन सूर्य हाय तो!"

"मला कवा दावला?" ती म्हणाली. "खरं डाग ठिवायचं आस्त्यात व्हय? मग माजं का बुजवलं? माज्याच देखत बुजवलं. तवा मला वाटलं, डागाचं हेच करत्यात."

सहादेवने भिंतीकडे पाहिलं. फोटोतली ती गुळगुळीत बाई त्याच्याकडे बघत होती. ती त्याच्या घरात कधीच राहत नव्हती. त्याला काहीतरी बोलायचं होतं. ते घशापर्यंत आलं, आणि मग वेधशाळा आठवली आणि ते परत गेलं.

त्याने दुर्बीण विकली. श्रावण तसाच कोरडा चालला होता आणि आभाळ रोज स्वच्छ होतं, पण तो वर बघेना.

पुढे गावातली गोजरबाई आपल्या नातीला घेऊन आली. स्थळ दाखवायला फोटो हवा होता. पोरीच्या गालावर भाजल्याचा डाग होता. सहादेवने फोटो काढला, काच धुतली आणि पेटीत ठेवली.

मुक्ताबाईने ती उजेडात धरली. पेन्सिल उचलली आणि थांबली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने पडद्याआडून विचारलं, "अवो, हिचा डाग ठिवू का बुजवू?"

सहादेवने दर्शनी भिंतीवरच्या फोटोकडे एकदा पाहिलं.

"बुजव," सहादेव म्हणाला.