खांबांमधून आरपार

मला माइक लागत नाही. बाळ येशूची माळ म्हणायला मी एखाद्याच्या अंगणात उभी राहिले की गल्लीच्या टोकावरची कुत्रीसुद्धा गप्प होतात. नाताळ सरला की आमच्या पाराईसो गावात, खाली ओरोसीत, तिकडे कार्तागोत, घराघरात गव्हाणीचा देखावा उतरवायच्या आधी ही प्रार्थना होते, आणि ती सांगायला ओदिलियाच हवी म्हणून लोकांनी मला वर्षानुवर्षं डोक्यावर चढवून ठेवलंय. घसा माझा अजून ठणठणीत आहे. मेली बोटंच तेवढी दगा देतात.

संधिवात, दुसरं काय! सकाळी तर नुसती लाकडं होतात बोटांची. तमालवरचं, म्हणजे मक्याच्या वाफवलेल्या पुडीवरचं, केळीचं पान मी अजून सोडवते, कारण तिथे मागे रांग नसते. नाणी मोजायचं मात्र विचारू नका, आणि बसमध्ये तर मुळीच नका.

आमच्या बसमध्ये पायऱ्या चढून ड्रायव्हरला पैसे दिले की पुढे दोन खांब लागतात. त्यांच्यामधून न दिसणारा किरण जातो आणि आत येणारं प्रत्येक माणूस मोजतो. खांबांचा आकडा आणि ड्रायव्हरकडचे पैसे जुळले नाहीत, तर भरपाई ड्रायव्हरच्या खिशातून. म्हणून आमच्याकडची पोरं "खांबांत उभं राहू नका!" हे ऐकतच मोठी होतात.

आणि मी, डिसेंबरच्या ऐन गर्दीत, नेमकी तिथेच अडकले! मी नाणी मोजत होते, मागून रेटा आला, मूठ सुटली आणि नाणी गडगडत खांबांत गेली. ती वेचायला मी वाकले. आता माझं बूड काही लहान नाही. मी इकडे सरकले, तिकडे सरकले, आणि त्या शहाण्या यंत्राने मला अख्खं वऱ्हाड समजून मोजलं.

"अहो दोन्या ओदिलिया, बाहेर या त्या खांबांतून!" ग्रेविन ओरडला. ग्रेविन आमचा ड्रायव्हर, आणि 'दोन्या' म्हणजे आमच्याकडचं 'बाईसाहेब'. पोरगा गुणाचा आहे, पण पोटावर पाय आला की त्याचं तोंड सुटतं. "माझा आजचा पगार घेऊनच उतरणार का?"

"ओरडतोस काय मेल्या? बहिरी नाहीये मी!"

"बहिरी नाही, पण हलत पण नाही तुम्ही!"

सगळी बस हसली. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती.

माझी लेक योर्लेनी कमरेवर हात ठेवून दारातच उभी. "बास झालं आई. आता एकटीने बसमध्ये पाय ठेवायचा नाही. उद्या पडलीस, हाड मोडलं, मग?"

"मग प्रार्थना कोण सांगणार? तुझा नवरा?"

"मी देल्फिनाकाकूंना कळवलंय, तू येणार नाहीस म्हणून. त्या स्पीकर लावणार आहेत. रेकॉर्ड केलेली माळ मिळते आता."

स्पीकर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरोसीच्या देल्फिनाकडे हंगामातली शेवटची, सगळ्यांत मोठी प्रार्थना असते, फेब्रुवारीतल्या कांदेलारियाच्या सणाची. तिच्या सासूच्या काळापासून तिथे मी उभी राहते. तिथे आता डबडं गाणार? आणि प्रार्थना झाल्यावर दूध-अंड्याच्या गोड रोंपोपेचा पेला कुणाच्या हातात देणार, त्या डबड्याच्या? पण मी तोंडाला कुलूप लावलं, कारण पोरीच्या डोळ्यांत राग नव्हता, काळजी होती. एकदा का घरात बसले की मी संपले, हे तिला कळत नव्हतं आणि मला नीट सांगता येत नव्हतं.

तोंड उघडलं ते तोबियाससमोर. माझ्या प्रार्थनेला गिटारची साथ तो करतो. पासष्टी ओलांडलीय, त्यामुळे ओळखपत्र दाखवून फुकट फिरतो, आणि त्याचा तोरा काय विचारता!

"तू पण लवकर म्हातारी हो ना, ओदिलिया. भाड्याची कटकटच मिटेल."

"तुझ्याइतकं म्हातारं व्हायला मला अजून पुष्कळ अवकाश आहे."

"मग फोनने दे. ग्रेविनच्या बाजूला ते नवं यंत्र बसवलंय, बघितलं नाहीस? पोरं नुसता फोन टेकवतात, टुंग वाजतं आणि जातात आत."

नुसता फोन टेकवतात. नाणी नकोत, मोजणी नको! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढे दिवस ते यंत्र डोळ्यांसमोर होतं आणि मी बया मुठीतल्या नाण्यांकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. तिथल्या मुलीने माझं कार्ड फोनमध्ये घालून दिलं. फोन उघडायला बोट लावा म्हणाली. लावलं. फोन ओळखेना. आयुष्यभर धुणी घासून ठसे कधीच गेलेत. ती म्हणाली, "मग चेहरा दाखवू या." दाखवला. लगेच उघडला! या चेहऱ्याला अख्खं कार्तागो ओळखतं, फोनची काय बिशाद?

घरी सरावाला लागले. बसमधलं यंत्र साधारण आपल्या फ्रीजच्या दांडीच्या उंचीवर असतं. मी लांबून चालत यायची, फोन चेहऱ्यासमोर धरायची, फ्रीजला टेकवायची, तोंडाने "टुंग" म्हणायची आणि ताठ मानेने न्हाणीघरापर्यंत जायची. एकदा वळून बघते तर योर्लेनी दारात, पांढरीफटक.

"आई, फ्रीजला फोन का लावतेस?"

"भाडं देतेय."

बिचारी मटकन खुर्चीत बसली. नवऱ्याला फोन लावायला निघाली होती, आईचं डोकं फिरलं म्हणून. मग सगळं सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं, पण चेहरा काही सैल झाला नाही.

"ठीक आहे. शनिवारी कार्तागोला प्रार्थना आहे ना? मी येते बरोबर. बसमध्ये एकदा जरी तमाशा झाला, तर हा विषय कायमचा बंद."

"आणि नाही झाला तर?"

"नाही झाला तर बघू."

शनिवारी थंडी आणि भुरभुर पाऊस, आमचं नेहमीचं. थांब्यावर मी, गिटार पाठीला लावलेला तोबियास, आणि टाचांचे बूट घातलेली योर्लेनी. लग्न झाल्यापासून बाईसाहेब नवऱ्याच्या गाडीतूनच हिंडतात, बस त्यांनी फक्त काचेतून पाहिलेली. बस आली. ग्रेविनने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"माय गं," तो पुटपुटला. "दोन्या ओदिलिया, आज नाणी आधीच मोजून ठेवलीत ना?"

"आज नाणी आणलीच नाहीत."

मी फोन चेहऱ्यासमोर धरला. उघडेना! पुन्हा धरला. नाही. मागे कुणीतरी घसा खाकरला, आणि त्याहून वाईट म्हणजे योर्लेनीचा सुस्कारा मला ऐकू आला. तो सुस्कारा मी ओळखते. आता झालंच, मी मनात म्हटलं, आता घराच्या चार भिंती आणि ओरोसीत ते डबडं.

"अगं, तो मफलर!" तोबियास मागून ओरडला. "डोळे तेवढे दिसतायत. फोनला वाटलं दरोडेखोर आहे!"

मफलर! मी तो हनुवटीखाली ओढला, फोनकडे असं बघितलं की पुन्हा ओळख विसरायची हिंमत होऊ नये. उघडला. टेकवला.

टुंग. हिरवा दिवा!

बायांनो, तो आवाज! चर्चच्या घंटा ऐकत मी वाढले, पण इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता. मी मान ताठ केली आणि त्या खांबांमधून आरपार गेले, न थांबता, न वाकता. ग्रेविनने टोपी काढली. मी पुढच्या सीटवर अशी बसले की जणू बस माझ्या बापाची.

एवढ्यात मागे गडबड ऐकू आली.

"वीस हजारांची, सगळ्यांत मोठी नोट? राणीसरकार, सुट्टे कुठून आणू मी?"

"माझ्याकडे एवढीच आहे हो! कार्ड पण घरी राहिलं," योर्लेनी म्हणाली आणि "आई!" करत खांबांत शिरली. मग पैसे दिले नाहीत हे आठवून मागे गेली. मग मला हाक मारायला पुन्हा पुढे आली, आणि टाच रबरी चटईत अडकून तिथेच उभी राहिली.

"खांबांत उभं राहू नका!" ग्रेविनने डोक्याला हात लावला. "देवा रे! आईचं संपलं तर लेकीचं सुरू!"

योर्लेनीचा चेहरा टोमॅटोसारखा लाल. बस खदखदायला लागली होती. मी उठले आणि माझा तो विनामाइकचा आवाज लावला. "हसायचं नाही कुणी! माझी लेक आहे ती. योर्लेनी, बूट काढ, आत ये, जागेवर बस."

ती एका पायात बूट, एका हातात बूट अशी आत आली. मी खांबांच्या अलीकडूनच हात लांब करून फोन ग्रेविनकडे दिला, चेहरा वाकवून दाखवला, त्याने टेकवला.

टुंग.

"दोघींचं झालं!" ग्रेविन ओरडला. "आणि खांबांनी जास्तीची मोजलेली ती राणीसरकार?"

"तिचंही घे," मी म्हटलं. "डिसेंबरातलं वऱ्हाड राहिलंय, त्यातलं एक तरी फिटू दे."

टुंग! बसने टाळ्या वाजवल्या. तोबियासने पाठीवरची गिटार पुढे घेऊन बाळ येशूच्या गाण्याची सुरावट छेडली, आणि मागच्या सीटवरच्या दोन बाया चक्क गायला लागल्या. मला गावंसं वाटत होतं, ओरडावंसं वाटत होतं, पण मी योर्लेनीशेजारी हाताची घडी घालून बसले. एक अक्षर बोलले नाही. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

योर्लेनीचा बूट अजून मांडीवरच. मग तिने पर्समधून फोन काढला आणि कानाला लावला.

"देल्फिनाकाकू, योर्लेनी बोलतेय. तो स्पीकर परत करा. हो, आई येणार आहे. नाही, नाही, न्यायला कुणाला पाठवू नका." तिने माझा लाकडासारखा हात हातात घेतला. "बसने येईल ती. एकटी."