आमेन न ऐकलेला कोपरा

मित्रांनो, मी तुमच्याहून जुना आहे आणि तुमच्या प्रत्येकाच्या अंगात आहे. मी एक निरोप आहे. डोळ्यांना न दिसणारं एवढंसं प्रथिन. पेशीच्या दारावर टिचकी मारायची आणि सांगायचं, वाढ. दाराआडची प्रथिनं तो शब्द हातोहात आतल्या गाभ्यापर्यंत नेतात. दुसरा शब्द मला येतच नाही.

तियामिके आईच्या पोटात होती, तेव्हा तिची मूत्रपिंडं घडवायला मी राबलो. काय दिवस होते ते! तिची आई एनेरेसी शिरे नदीकाठच्या चर्चमध्ये गाते. पाद्री उपदेशाची ओळ गाऊन टाकतात, बाया ती झेलतात, ऐकणाऱ्याचं मन भरून येतं. पण आमेन झालं की थांबायचं. माझंही तसंच. देवाची योजना बघा, मला बनवायची कृती प्रत्येक पेशीत दोनदा लिहिलेली, एक बापाकडची, एक आईकडची. आणि आईकडची मिटूनच ठेवलेली, आवाज फार होऊ नये म्हणून.

तियामिकेच्या डाव्या मूत्रपिंडाच्या एका कोपऱ्यात मात्र ती मिटलेली कृती उघडली. कशी, ते मलाही उमगलेलं नाही. अजून नवल वाटतं. मी दुप्पट आवाजात वाढ म्हणत राहिलो आणि त्या कोपऱ्याला आमेन ऐकूच आलं नाही.

बाहेर तियामिकेची आजी तिला न्हाऊ घालताना म्हणायची, "कुला, कुला." त्यांच्या भाषेत, वाढ. माझाच शब्द! तियामिकेचं पोट सुटलं तशा शेजारणी कौतुकानं त्यावर थापट्या मारायच्या आणि आजीला चिडवायच्या. आगोगो म्हणजे आजी. "आगोगो, मक्याची सगळी न्सिमा नातीलाच चारता वाटतं? जावई वाळत चाललाय." आजी खूश.

एकदा एनेरेसीच्या हाताला पोटाची डावी बाजू दगडासारखी लागली. शहरातल्या इस्पितळात त्याच मूत्रपिंडात गाठ सापडली, कर्करोगाची. आजी तेल लावायला पुढे सरसावली, तर झियोने नर्सनं तिचा हात धरला.

"आगोगो, चोळू नका. गाठ फुटली तर रोग पोटभर पसरेल."

आधी औषधं, मग शस्त्रक्रिया, असं ठरलं. औषधांनी वाढत्या पेशी मरू लागल्या, पोट उतरलं. लगेच आजीनं गाठोडं बांधलं. पोर बरी झाली, भुईमूग शेतात खोळंबलाय, म्हणाली.

एनेरेसी गाठोड्यावरच बसली. "आई, नुसता आवाज उतरलाय. गाठ आत आहेच, आमेन झालेलं नाही."

"चार दिवस इथं राहिलीस आणि डॉक्टरीण झालीस होय?" आजी पुटपुटली. पण चर्चमध्ये आमेनआधी उठणाऱ्यांना आजवर तीच दटावत आली होती. तिनं गाठोडं सोडलं.

डावं मूत्रपिंड गाठीसकट काढलं. पुन्हा औषधं झाली. तियामिके घरी आली.

मित्रांनो, माझ्यावर रागावू नका; माझ्यावाचून तुम्ही वाढला नसता. पण धाकट्या भावंडाचं पोट कुठं टणक लागलं, तर कौतुक करत बसू नका, मोठ्यांना सांगा. आणि उपचार अर्ध्यावर सोडू देऊ नका.

आता उजवं मूत्रपिंड दोघांचं काम करायला जरा मोठं होतंय. आजी न्हाऊ घालते, "कुला" म्हणते, थबकते आणि पुढे म्हणते, "पांगोनो, पांगोनो." हळू, हळू.

तो दुसरा शब्द मी शिकतोय.