मुंगूस चारची उडी

‘मुंगूस चार’ला नावं ठेवणारा माणूस भेटला की माझं डोकं सरकतं. मुंगूस मालिकेचे नऊ व्हिडिओ गेम आले. पळायचं, उड्या मारायच्या, खड्डे ओलांडायचे. त्यातल्या चौथ्याला लोकांनी वाळीत टाकलं. का, तर म्हणे उडी जड आहे. ज्यांना पहिला खड्डा पार करता आला नाही, त्यांनी पानंच्या पानं लिहिली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

चौथा गेम सतरा वर्षांपूर्वी माझ्या ताईने रचला. बाकीच्या आठांत मुंगूस दिसेल त्याच्या डोक्यावर उडी मारतो. ताईच्या गेममध्ये त्याच्या पाठीवर पिल्लू आहे आणि वाटेतले साप झोपलेले आहेत. त्यांना न उठवता घरी पोचायचं. उडीआधी पिल्लू बापाची मान धरतं. असलं काही आधी कोणाला सुचलं नाही आणि नंतर करायची कोणाची छाती झाली नाही. पण गेम आपटला. हिला उडीतलं ओ की ठो कळत नाही, असं ऑफिसात तिच्या तोंडावर बोललं गेलं. तिने नोकरी सोडली. आता शाळेत गणित शिकवते आणि घरात गेमचा विषय निघाला की उठून आत जाते.

मी त्याच कंपनीत तेव्हाही टेस्टर होतो, आजही आहे. यंदा सगळी मालिका एकत्र काढायचं ठरलं आणि साहेबांनी यादीत आठच नावं लिहिली. मी साहेबांशी भांडलो. पाचव्या गेमच्या रचनाकाराशी तर रोज भांडलो. या गृहस्थाने मुंगसाला चष्मा घातला होता, आणि हा आम्हाला अक्कल शिकवणार. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, की मंगळवारी सगळ्यांसमोर कोऱ्या हाताला खेळायला द्या, मग बघू.

कोरा हात म्हणजे तो गेम कधीच न खेळलेला माणूस. आमच्याकडे जुना नियम आहे. गेम बाहेर जाण्याआधी कोऱ्या हाताला द्यायचा आणि आपण तोंड शिवून मागे उभं राहायचं.

मंगळवारी रिसेप्शनवरच्या बाईंना बसवलं. त्यांनी चष्मा पुसला, कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला आणि पहिल्या खड्ड्यात पडल्या. पुन्हा पडल्या. चष्मेवाल्या मुंगसाचा बाप गालात हसत होता. मला बाईंचा राग यायला लागला. बटण दाबायचं, त्यात काय एवढं? अकराव्यांदा पडल्यावर मी नियम मोडला.

“आधी दाबा,” मी खेकसलो.

“आधी म्हणजे कधी?”

“खड्डा यायच्या दोन पावलं आधी.”

“दोन पावलं आधी खड्डा दिसतच नाही हो,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला कसा दिसतो?”

मलाही दिसत नव्हता. माझ्या बोटांना तो पाठ होता.

गेम तयार होत असताना आठ महिने मी तो खड्डा हजारो वेळा ओलांडला होता. तेव्हा एकदा ताई माझ्या टेबलाशी आली होती. पिल्लू मान धरतं तेवढ्यात उडीला फार उशीर होतोय का, कोऱ्या हाताला दिलंस ना, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो. दिलं नव्हतं. ऑफिसात माझ्याइतका हात कोणाचा चालत नव्हता, कोऱ्या हाताला काय कळतं, असा माझा तोरा. तपासणीच्या कागदावर मी बरोबरची खूण करून टाकली. ताईने त्या खुणेवर विश्वास ठेवला. सतरा वर्षं मी लोकांना नाच शिका म्हणत होतो, आणि अंगण खरंच वाकडं होतं.

साहेब बंद करा म्हणाले. गप्प बसलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. यादी आठांचीच राहिली असती, आणि मी आयुष्यभर लोकांना शिव्या घालायला मोकळा.

“उडी उशिरा होते,” मी म्हणालो. “तिने मला विचारलं होतं. कोऱ्या हाताला न देता मी दिला म्हणून सांगितलं.”

साहेब बराच वेळ ओरडले, आणि एकही शब्द चुकीचा नव्हता. मग प्रोग्रामरला बोलावलं. पिल्लाचं मान धरणं त्याने तिपटीने लवकर केलं. चहा येईपर्यंत काम झालं. बाई तिसऱ्या खेपेला खड्ड्यापलीकडे गेल्या आणि कोणाकडे न बघता खेळतच राहिल्या. साहेबांनी यादीत नववं नाव लिहिलं आणि शेवटच्या तपासणीतून माझं खोडलं.

मी जिन्यात जाऊन ताईला फोन केला. सगळं सांगितलं.

“किती वेळा पडल्या त्या?” तिने विचारलं.

“अकरा.”

“आणि आता?”

“तिसऱ्यांदा पार.”

शिव्या खायची माझी तयारी होती.

“मला वाटायचं, मला उडी कळतच नाही,” ती म्हणाली. “आणि तू सतरा वर्षं माझ्या बाजूने भांडलास. आई म्हणायची, भाऊ असावा तर असा. मलाही तसंच वाटायचं.”

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “आता नको भांडूस,” आणि तिने फोन ठेवला.