तिसरा सिलिंडर

बाबांना बसच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून डायलिसिसला न्यायला ताईने जुनी गाडी घेतली. ती चढावर धक्के देऊ लागली. मेकॅनिक असलेल्या धाकट्या भावाने प्लग, ऑइल, फिल्टर बदलले. तिसरा सिलिंडर तरीही पेटेना. त्याने तिसऱ्याची ठिणगी देणारी कॉइल दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची तिसऱ्यावर.

"दोष कॉइलबरोबर दुसऱ्यावर गेला, तर स्वस्तात सुटलो."

दोष तिसऱ्यातच राहिला. त्याने कॉम्प्रेशन मोजलं. तिसऱ्यात दाब जवळपास नव्हताच.

"व्हॉल्व्ह जळलाय, ताई. इंजिन उघडावं लागेल. हॉस्पिटलचा चढ ही गाडी चढायची नाही."

मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बाबांनी हाक मारली, "झाली का रे? की मीच उतरून ढकलू?"

ताईने दार उघडलं. "उतरा बाबा. बसने जाऊ."

बाबांनी सीटचा पट्टा सोडला नाही.