असूर्यंपश्या

आश्विनातला सूर्य म्हणजे साक्षात सुवर्णसम्राट! त्याच्या करस्पर्शाने सह्याद्रीची पठारे पीतांबर नेसतात, ओढ्याकाठचे तुरे रुपेरी होतात, गवताच्या पात्यापात्यावर दंवाची रत्ने उजळतात. आणि या तेजोनिधीला काचेच्या एवढ्याशा चकतीत झेलून घराघरांत उजेड नेणारा मानव, अहो, तो तर देवांच्याच पंगतीला बसायचा!

फक्त ती चकती उन्हात ठेवायची नाही. हवेत नाही. आणि पाण्याचं तर नावही काढायचं नाही.

पेरोव्स्काइट तिचं नाव. काळीभोर, मखमली, मेघश्यामल. नखाएवढ्या काचेवर धरलेली जणू अमावास्येची साय. सिलिकॉनपेक्षा स्वस्त, प्रकाशाची भुकेली, पण प्रकृतीने अशी नाजूक की जरा काही लागलं की पिवळी. पिवळी म्हणजे मेली. जुन्या काव्यांत राजस्त्रियांना असूर्यंपश्या म्हणत. सूर्यालाही कधी न पाहिलेल्या. साताऱ्याजवळच्या टेकडीवरच्या त्या संशोधनसंस्थेत हा मान सौरविजेच्या चकतीला होता.

ऊर्मिला खटावकरने तिला नायट्रोजनने भरलेल्या काचपेटीत सांभाळलं होतं. स्पर्श हातमोज्यांतून. सूर्य खोटा, दिव्याचा. अंगावर ऊर्मिलेनेच घडवलेल्या एका रेणूचा पातळ, पारदर्शी शेला. आधीच्या साऱ्या चकत्या त्या दिव्याच्या धगीनेच पिवळ्या पडल्या होत्या. ही चैत्रात काळी होती, आषाढात काळी होती, भाद्रपदातही काळीच. दिवाळीपर्यंत अशीच टिकली, तर अनुदान पुढे चालणार होतं. नाही तर प्रयोगशाळेला कुलूप आणि कंत्राटी ऊर्मिलेला नारळ. नवी चकती दुपारभरात होते. तिचं वय मात्र कुणाला करता येत नाही.

मग खंडेनवमी आली. शस्त्रं, अवजारं, यंत्रं पुजायचा दिवस. सूक्ष्मदर्शकांना झेंडूच्या माळा चढल्या, पंपांना गंध लागलं, तराजूच्या कपाळी कुंकू आलं. संस्थेचे अध्यक्ष अप्पासाहेब पूजेला आले. रेशमी, सुगंधी, सस्मित. विभागप्रमुख अंतुरकर सर काचपेटीपाशी थबकले.

"हिला बाहेर काढा. आपलं खरं शस्त्र तर हेच!"

"सर, पेटीलाच हार घालू या ना."

"दोन मिनिटांत काय विरघळणार आहे, बाई?"

"हो सर. विरघळते."

"अहो, चकती तबकात ठेवताय की पोर सासरी धाडताय?" अप्पासाहेब म्हणाले. ते हसले, म्हणून सर हसले, म्हणून सगळे हसले.

सर कानाशी वाकले. "अनुदानाच्या कागदावर सही त्यांची लागते."

ऊर्मिलेने पेटी उघडली.

चांदीचं तबक, तबकात ती काळी लाडकी. घंटा घणघणू लागली. अप्पासाहेबांनी शेवंतीचं फूल पाण्यात बुडवलं आणि मोठ्या मायेने शिंपडलं.

"पाणी नको हो!" ऊर्मिला म्हणाली, घंटेला ते ऐकू गेलं असेल.

थेंब पडले. गोल, निर्मळ, मंत्रपूत. अमावास्येच्या कडेला आधी केतकी उमटली, मग सोनचाफा, मग नुसताच पिवळा पाचोळा. एक वर्तुळ दुसऱ्याला भेटलं. चैत्र विरला, आषाढ विरला, भाद्रपद विरला. रात्र ओसरली आणि तळाशी उरली शिशाच्या क्षाराची पिवळी, निष्प्राण पहाट.

"वा, काय उजळली!" अप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांनी वर चिमूटभर हळद वाहिली. आता मेलेलं किती नि पुजलेलं किती, डोळ्यांना कळेना.

ऊर्मिला तबक धरून उभी. खिडकीतून ऊन आत आलं. खरंखुरं, आश्विनातलं, चकतीने जन्मात न पाहिलेलं. काचेवर टेकलं, क्षणभर थांबलं, आणि झेलायला कुणीच नाही म्हणून तबकाच्या काठावरून सांडत सांडत फरशीवर गेलं.

अंतुरकर सर हळूच जवळ आले.

"बाई, उद्या वर्तमानपत्रवाले यायचेत. तोवर अशीच एक करून ठेवाल ना? फक्त काळी करा. पिवळी फोटोत उठून दिसत नाही."