विआर्डची टकटक

त्या रविवारी ओकावहिनींच्या स्वयंपाकघरात उभं राहायलाही जागा नव्हती. आमच्या हौशी रेडिओ मंडळाचे सारे म्हातारे चहाचे कप धरून विआर्डच्या रेडिओकडे टक लावून बसले होते. विआर्ड म्हणजे वहिनींचा नवरा. वसंतात तो गेला.

"मेलेली माणसं बोलत नाहीत, बाई. ती कंप पावतात," आत्मे बोलावतो म्हणणारा लाम्प्रेख्ट म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले, उजवा हात कोटाच्या खिशात. "विआर्ड, आलास का?"

रेडिओत टकटक उसळली.

"मोर्स आहे हे," आमच्या मंडळातला हिन्रिख पुटपुटला. "नको म्हणतोय."

मलाही 'नको' असंच ऐकू आलं. जन्मभर खरखरीतून अक्षरं वेचलेले आमचे कान, नसलेलीही वेचतात.

"मग मी उद्या दवाखान्यात जात नाही," वहिनी म्हणाल्या.

उद्या त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. नाहीतर हिवाळा निघणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"माझ्या कंपनोपचारानं झडप आपोआप जुळेल," लाम्प्रेख्ट म्हणाला. वहिनींनी त्याचा कप पुन्हा भरला. आमच्या या समुद्रकाठी पाहुणा कपात चमचा उभा करेपर्यंत चहा ओतत राहतात.

मला दोन गोष्टी खुपत होत्या. टकटक व्हायच्या आधी लाम्प्रेख्टचा खिशातला अंगठा हलायचा. आणि फ्रिजमागच्या प्लगमध्ये एक पांढरी डबी होती. स्वयंपाकघरात इंटरनेट पोचावं म्हणून त्यानंच ती आणून दिली होती. माझं चुकतही असेल, बहुधा चुकतंच. तरी मी उठलो आणि घराची वीज बंद केली.

रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालायचा, तो सुरूच राहिला. कोणीतरी खलाशांना वाऱ्याची दिशा सांगत होता, अगदी स्वच्छ.

"आता विचारा त्याला," मी म्हणालो.

"विआर्ड, आलास का?"

वारा वायव्येचा, एवढंच कळलं.

"संशयी माणसांसमोर आत्मे येत नाहीत," लाम्प्रेख्ट म्हणाला.

"वीज गेली की येत नाहीत, असं म्हणा," हिन्रिख म्हणाला.

मी वीज सुरू केली. इंटरनेट परत येईपर्यंत थांबलो.

"वहिनी, तुमच्या मोबाइलवर नातीचा व्हिडिओ लावा."

नात नाचू लागली आणि टकटक उसळली. मी डबी उपटली. नात अडकली, टकटक थांबली.

"ही डबी घरातल्या विजेच्या तारांतून इंटरनेट नेते," मी म्हणालो. "मग त्या ताराच एरियल होतात आणि रेडिओत खरखर ओततात. यांनी खिशातल्या मोबाइलवर बोट फिरवलं की झाला विआर्ड हजर."

वहिनींनी ती डबी माझ्या हातातून घेतली. "म्हणजे तो नव्हताच, भाऊजी."

"नव्हता. असता तर प्लग त्यानंच आधी उपटला असता. वहिनी, मलाही 'नको' ऐकू आलं होतं. म्हणूनच सांगतो, कानांवर विसंबू नका. बटण बंद करून बघायचं आणि मग ठरवायचं."

"उद्या सकाळी गाडी आणाल?"

"आणतो."

लाम्प्रेख्टनं घसा खाकरून कप पुढे केला. वहिनींनी बशीतला चमचा उचलला आणि त्याच्या कपात उभा केला.