गाठ एक, 'बरं' दोन

आयुष्यभर मी शब्दकोशाची मुद्रितं तपासली. चूक दिसली तरी खूण पेन्सिलीने करायचो, तीही फिकट. न जाणो, माझंच चुकत असेल. अशा माणसावर कोरियातल्या बुसानच्या इस्पितळात दोन डॉक्टरांमधून निवड करायची वेळ आली.

तपासणीत माझ्या गुदाशयात वाटाण्यापेक्षा लहान गाठ सापडली होती. ती अख्खी निघायला हवी. कडेला कण राहिला तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागेल, यावर दोघांचं एकमत होतं. काढायची कशी, यावर नव्हतं.

म्हातारे डॉक्टर मिन म्हणाले, "दुर्बिणीच्या टोकाला टोपी लावायची, गाठ आत ओढायची, बुडाशी रबर चढवायचं आणि रबराखालून तारेच्या फासाने कापायचं. झटपट काम." त्यांनी कागदावर गोल काढून दाखवला. तो मात्र कडेला चुण्या पडलेल्या मोमोसारखा निघाला.

"बरं," मी म्हणालो.

त्यांची शिष्या डॉक्टर प्यो मला बाहेर गाठून म्हणाली, "सरांची पद्धत उत्तमच. पण मी खाली औषध टोचून गाठ उचलते आणि बारीक सुरीने सोलून काढते. वेळ लागतो, पण कड दिसत राहते." तिने काढलेला गोल नाण्यासारखा होता.

"बरं."

आमच्याकडे डॉक्टरांना 'बरं' म्हणजे 'ऐकतोय'. दोघांनी 'करा' असं ऐकलं, आणि एकाच सकाळची बोलावणी दोन आली.

"दोघांना हो म्हणालात?" बायको, दोक-जा, ओरडली. "अहो, गाठ एकच आहे ना?"

माझ्याकडून दोन्ही पद्धती ऐकून तिने कणकेच्या जाड पोळीत घेवड्याचा दाणा दाबला, चिमटीत वर ओढून रबर बांधलं आणि खालून दोऱ्याने कापलं. दाणा कणकेसकट बाहेर. मग दुसरा दाणा सुरीने सोलला. तोही अख्खा निघाला.

"पण एवढ्यात भात शिजला असता," ती म्हणाली. "एवढुशा गाठीला रबर पुरे. फक्त हात थरथरता नको."

मला डॉक्टर मिननी काढलेला तो मोमो आठवला.

इस्पितळात मागे भोक असलेली विजार मिळते. मी संकोचात ती घाईने चढवली आणि आत गेलो, तर दोन्ही डॉक्टर हजर.

"क्वाक आजोबा," नर्स हळूच म्हणाली, "भोक मागे हवं."

मी पडद्याआड उलटसुलट होत असताना बाहेर ऐकू येत होतं.

"तुम्हीच करा, सर."

"छे, तुला हो म्हणालेत ना!"

"तुम्हाला आधी म्हणाले, सर."

दोघांच्या अदबीत माझी गाठ राहून जाणार, अशी भीती वाटली. पडद्यातून डोकं काढून मी आयुष्यात पहिल्यांदा शाईने खूण केली. "रबरच. पण बांधायचं डॉक्टर प्योबाईंनी."

डॉक्टर मिन आपल्या हाताकडे बघत राहिले. मला पडदा ओढून घ्यावासा वाटला.

"आणि सरांनी शेजारी उभं राहून मला रागवायचं," डॉक्टर प्यो चटकन म्हणाली.

"ते मला छान जमतं," मिन म्हणाले. "आजोबा, झोपा आता."

पुढच्या आठवड्यात अहवाल आला. गाठ अख्खी, कडा स्वच्छ. डॉक्टर मिननी स्वतः वाचून दाखवला, 'माझी पद्धत' हे शब्द दोनदा म्हणाले, आणि पुन्हा तपासणीला यायला बजावलं.

"बरं," मी म्हणालो.

दोक-जाने कोपराने ढोसलं. "हे कुठलं 'बरं'?"